हौसाबाईंनी शिवलेली पेशी

ठाकुर्लीला पूर्वेला उतरून कुणालाही विचारा, साडीला फॉल-बीडिंग चांगलं कुठे करून मिळेल. विचाराल तो हौसाबाईंची खिडकी दाखवेल, आणि वर एक सल्ला फुकट देईल, "साडी द्या, पण घाई आहे असं म्हणू नका." घाई म्हटलं की हौसाबाई साडी परत हातात ठेवायच्या. "घाई हाय तर टाचण्या लावून नेस बया, माझ्याकडं कशाला आलीस?" मग ती बाई फणकाऱ्याने जिना उतरायची, खाली जरा रेंगाळायची आणि निमूट परत वर यायची. हौसाबाईंच्या हातचा फॉल कधी चुणत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

माण तालुक्यातून लग्न होऊन त्या इकडे आल्या तेव्हा यजमान सहदेव शहाडला एका कंपनीत कामाला होते. आता ते रिटायर होऊन खुर्चीत बसलेले असतात, पेपर मोठ्याने वाचतात आणि बायकोची बोलणी खातात. दोन्ही लेकी लग्न होऊन गेल्या. घरात राहिलं ते मशीन, आणि मशीनइतकंच न थांबणारं हौसाबाईंचं तोंड. त्या फटकळ होत्या, खोटं कशाला सांगा. पण त्यांचा खरा राग माणसांवर नसायचाच, तो असायचा वाकड्या कामावर. ब्लाउजच्या पाठीवरची बुट्टी मधोमध नसेल तर त्यांना जेवण जायचं नाही. कापडाची दुमड घालायची, खडूने मध्य काढायचा, मगच सुई लावायची, हा त्यांचा धर्म. दुसऱ्या शिंपिणीचं काम असलं तरी न सांगता उसवून सरळ करून द्यायच्या आणि पैसे विचारले तर उलट चिडायच्या.

शेजारच्या दारात समीक्षा राहायची. बाप साईनाथ कल्याणला रिक्षा चालवतो, आई करिश्मा डोंबिवलीच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते. त्यामुळे शाळा सुटली की पोरगी हौसाबाईंकडे, हे तिच्या बालवाडीपासून ठरलेलं. समीक्षाला जन्मापासून दिसत नाही. पण बटणांच्या डब्यात हात घालून ती हूक वेगळे, टिचबटणं वेगळी, मणी वेगळे असे भराभर काढायची. साडीला नुसता अंगठा लावून सांगायची, "मावशी, ही प्युअर सिल्क नाहीये. दुकानवाल्याने काकूंना टोपी घातलीये." हौसाबाई मनात खूश व्हायच्या आणि वरून म्हणायच्या, "गप गं शहाणे, गिऱ्हाईक जाईल माझं."

आठवीत गेल्यावर एका संध्याकाळी समीक्षा ब्रेलचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. बोटं पानावरून सरकत होती आणि ती मोठ्याने वाचत होती.

"ऐक हां मावशी. 'शेजारील आकृतीचे निरीक्षण करा.' झालं. पुढे दुसराच परिच्छेद."

"म्हंजे? आकृती कुठाय?"

"नाहीये. नुसतं लिहिलंय निरीक्षण करा."

"मग तू काय करतेस?"

"करते ना निरीक्षण." आणि तिने पानाच्या कोऱ्या जागेवरून गंभीरपणे बोट फिरवलं. मग दोघीही हसल्या. पण हौसाबाईंचं हसू लवकर आटलं, कारण पोरीने बोट अजून तिथेच ठेवलं होतं.

धडा होता पेशीचा. आणि शाळेचं म्हणणं पडलं होतं की नववीपासून समीक्षाने विज्ञान सोडावं. आकृत्या, प्रयोग, हे सगळं तिला कसं झेपणार? त्याऐवजी दुसरा विषय घ्यावा.

"संगीत घे म्हणतात," समीक्षा म्हणाली. "मावशी, खरं सांग, मला गाता येतं?"

"न्हाई गं बाई. गाढव परवडलं."

"तेच ना! दिसत नाही म्हणजे गाता येतं असं कुणी सांगितलं यांना?" मग पुस्तक मिटून ती म्हणाली, "माझ्या डोळ्यातल्या पेशी काम करत नाहीत, असं डॉक्टर मम्मीला बोललेले. मी तिथेच बसलेली. मग पेशी म्हणजे काय असतं ते मला नको का कळायला? माझ्याच आहेत ना त्या."

हौसाबाईंना पेशीबिशी काही माहीत नव्हतं. गावाकडे सातवीपर्यंत शाळा झाली ती तेवढीच. पण पोरीचं म्हणणं त्यांना पटलं. त्यांनी मशीनवरची साडी बाजूला सारली आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, उद्या कल्याणला जाताय न्हवं? आठवीचं विज्ञानाचं छापील पुस्तक आणा. चित्रं असलेलं."

पुस्तक आलं. समीक्षाने ब्रेलमधून वाचायचं, हौसाबाईंनी छापील आकृती बघायची आणि शिवायचं, असं ठरलं. पहिल्यांदा प्राणीपेशी झाली. जुन्या पडद्याचा गोल तुकडा आणि त्याच्या कडेला दोरी घालून मऊ पायपिंग. हे पेशीपटल, आत काय घ्यायचं आणि बाहेर काय ठेवायचं ते हे ठरवतं. आत कोटाचं मोठं बटण, ते केंद्रक, सगळा कारभार त्याच्या हुकमाने चालतो. बटणाला लागून नागमोडी लेस, तिच्यावर बारीक मणी, तिथे प्रथिनं तयार होतात. मग एकावर एक चुन्या, त्याचं नाव गॉल्गी संकुल.

"हे काय करतं?" हौसाबाईंनी विचारलं.

"तयार माल बांधून पाठवतं. मम्मीसारखं, पॅकिंगला आहे."

टाकाऊ जिरवणाऱ्या लयकारिकांना टिचबटणं लागली. आणि तंतुकणिकांसाठी हौसाबाईंनी बोटाएवढ्या पिशव्या शिवून त्यांच्या आतल्या बाजूला घड्या टाकल्या, कारण पुस्तकात तशाच होत्या. "अन्नातून ताकद हिथं तयार होती म्हणतेस? एवढ्याशात? अन् आपण चपात्यांवर चपात्या लाटतोय," असं त्या म्हणाल्या आणि समीक्षा हसून हसून भिंतीला टेकली. त्या रात्री करिश्मा कामावरून आली तर पोरीने आईचा हात धरून तिला अख्खी पेशी फिरवून दाखवली. करिश्मा दमलेली होती, तरी दोनदा फिरली.

मग वनस्पतीपेशीची पाळी आली. हिला पटलाच्या बाहेर आणखी एक कडक भिंत असते, म्हणून हौसाबाईंनी कॉलरचा कॅनव्हास घालून चौकट ताठ केली. हरितलवकांसाठी टिकल्या चिकटवल्या, त्या हिरव्याच. लाल टिकल्यांचं पाकीट घरात पडून होतं, बोटाला रंग काही कळत नाही, पण हौसाबाईंनी खाली जाऊन हिरवं पाकीट आणलं. समीक्षाने विचारलंही, "हिरव्या आहेत?" त्या म्हणाल्या, "हिरव्याच हायेत." पोरीला तेवढ्यानेही बरं वाटलं.

पण आकृतीत एक गोष्ट हौसाबाईंच्या डोळ्यात खुपत होती. केंद्रक एका कोपऱ्यात ढकललेलं, भिंतीला चिकटलेलं, आणि मधोमध हा मोठा रिकामा डाग.

"हे बघा की," त्यांनी पुस्तक सहदेवांच्या नाकासमोर धरलं. "नाव केंद्रक, आन् बसलंय कोपऱ्यात! छापताना सरकलं असणार."

"अगं, असेल तसंच. पुस्तक आहे ते."

"पुस्तक हाय म्हणून काय झालं? परवा पेपरात माणसाचा फोटो दुसऱ्याच्या नावाखाली टाकला नव्हता? छापणारा बी माणूसच. तुम्ही गप बसा."

सहदेव पेपराकडे वळले. हौसाबाईंनी कापडाची दुमड घातली, खडूने मध्य काढला आणि बटण पक्कं मधोमध लावलं. त्या रिकाम्या डागाला नाव होतं रिक्तिका. रिक्त म्हणजे रिकामं, आणि रिकामं काय शिवायचं? त्यांनी कोपऱ्यात दोन बारके गोल टीप मारून सोडून दिले. समीक्षाला यातलं काहीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटलंच नव्हतं. वाकडं दिसलं, सरळ केलं, एवढंच.

पुढचा महिना पोरगी हवेत होती. पाळण्यातल्या बाळाची बोटं मोजावीत तशी ती त्या दोन्ही पेशी पुन्हा पुन्हा चाचपायची. आणि हौसाबाई आल्यागेल्या गिऱ्हाइकाला ऐकवायच्या, "आमची समी सायन्स घेणार हाय."

तोंडी परीक्षेच्या दिवशी समीक्षा संध्याकाळी आली नाही. बरं नसेल, म्हणून हौसाबाईंनी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशीही आली नाही. शेजारच्या घरात तिची चाहूल लागत होती, भांड्यांचा आवाज येत होता, पण दार लोटलेलं. तिसऱ्या दिवशी करिश्मा आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"मावशी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

"आधी सांग तर."

करिश्माने सांगितलं ते असं. विज्ञानाच्या कल्पिता टीचरनी समीक्षाला वनस्पतीपेशी विचारली. तिने धडाधडा सांगितली, आणि शेवटी म्हणाली की केंद्रक बरोब्बर मधोमध असतं. टीचर म्हणाल्या, नाही बाळ, ते कडेला असतं, मध्ये मोठी रिक्तिका असते. समीक्षा हटेना. मी हात लावून बघितलंय म्हणाली. टीचर म्हणाल्या, पुस्तकात बघ, सगळ्यांच्या पुस्तकात तसंच आहे. तर ही भर वर्गात म्हणाली, "मग पुस्तक चुकलं असेल. माझी मावशी चुकीचं शिवत नाही."

"सगळा वर्ग हसला मावशी," करिश्माचा आवाज बारीक झाला. "टीचर ओरडल्या पोरांवर. पण मला बोलावून बोलल्या की असं असेल तर पुढे हिचे हाल होतील. चुकीचं पाठ झालं तर हिला ते कळणार कसं? त्यापेक्षा सोडू दे सायन्स. शनिवारी परत बोलावलंय, फायनल काय ते सांगायला."

हौसाबाईंच्या हातात सुई होती, ती त्यांनी कापडात खोचून ठेवली. त्यांना रडूही आलं नाही आधी, नुसती लाज वाटली, अंगभर. बाकीच्या पोरांनी पुस्तक उघडलं असतं तर खरं दिसलं असतं. हिच्यापाशी उघडायला काय होतं? हौसाबाईंनी शिवलेलं तेवढंच. त्यांच्या भरवशावर पोरगी अख्ख्या वर्गाशी भांडली आणि त्या भरवशातच खोट निघाली. 'मी सांगत होतो' असं म्हणायचा हक्क सहदेवांना होता, पण त्यांनी तो वापरला नाही आणि उठून चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई पिशवीत दोन्ही पेशी घालून शाळेत गेल्या. कल्पिता टीचर वयाने त्यांच्या धाकट्या लेकीएवढ्या. हौसाबाईंनी नमस्कार केला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"बाई, चूक पोरीची न्हाई, माझी हाय. पुस्तकात कोपऱ्यात होतं, मी मधी आणलं. मला वाटलं छापणाऱ्याचं चुकलं. पण मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. खरंच कोपऱ्यात असतं?"

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. टीचर हसल्या नाहीत. त्यांनी कापडाची पेशी हातात घेतली, डोळे मिटून तिच्यावरून बोटं फिरवली. मग म्हणाल्या, "चला."

प्रयोगशाळेत त्यांनी एक कांदा कापला, आतला पातळ पापुद्रा सोलून काचेवर पसरला, वर आयोडिनचा थेंब टाकला. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून म्हणाल्या, "बघा आता. कांद्यात हिरव्या लवकांचं काम नसतं, म्हणून त्या टिकल्या सोडून द्या. बाकी तेच आहे."

हौसाबाईंनी एक डोळा मिटून दुसरा लावला. आधी नुसता उजेड दिसला, मग हळूहळू विटा दिसल्या. विटांना विटा लागलेली लांबच लांब भिंत, आणि प्रत्येक विटेत एक गोल पिवळसर ठिपका. बहुतेक ठिपके कडेला चिकटून बसलेले. एखादाच मध्ये दिसला तेव्हा त्यांचा जीव हरखला.

"ह्यो बघा, ह्यो मधी हाय!"

"तोही भिंतीलाच चिकटलाय मावशी, पण वरच्या. आपण वरून बघतोय ना, म्हणून मध्ये वाटतो."

"आस्सं?" हौसाबाई हिरमुसल्या. "मग केंद्रक नाव कशाला ठेवलं मेल्यांनी?"

"केंद्र म्हणजे कारभाराचं केंद्र, जागेचं नव्हे. दिल्लीला आपण केंद्र म्हणतोच ना? दिल्ली कुठे देशाच्या मधोमध आहे?"

हौसाबाईंना हे पटलं. दिल्लीवरून त्या काही बोलणारही होत्या, पण आज त्यांनी आवरलं. टीचरनी पुढे सांगितलं की रिक्तिका नावालाच रिकामी, तिच्यात पाणी भरलेलं असतं. त्या पाण्याच्या दाबाने पेशी ताठ राहते, केंद्रक कडेला सरकतं. पाणी कमी झालं की पेशी ढिली पडते आणि झाड मान टाकतं. "भाजीवाला कोथिंबिरीवर पाणी का मारतो? रिक्तिका भरायला."

"म्हंजे मी जे रिकामं म्हणून टाकलं," हौसाबाई सावकाश म्हणाल्या, "त्याच्यावरच सगळं उभं होतं व्हय?" आणि तिथे त्या स्टुलावर बसून, परक्या बाईसमोर, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाई, तिला एक संधी द्या. माझ्यापायी तिचं सायन्स काढू नका."

टीचरनी थोडा विचार केला. "मला भीती तिच्या बुद्धीची नाही हो. तिच्यापर्यंत जे पोचेल ते खरं असेल ना, याची आहे. असं करू. शनिवारी मी तिला कधी हात न लावलेली पेशी देईन. चित्र तुम्हाला देते, तुम्ही शिवून आणा. नाव सांगायचं नाही. धड्यात पेशींचे प्रकार दिलेत, ते वाचून तिने ओळखलं, तर विज्ञान राहील. पण मावशी, चित्रात आहे तसंच शिवायचं."

"तसंच," हौसाबाई म्हणाल्या.

खरी परीक्षा त्याआधी घरीच झाली. हौसाबाई शेजारच्या घरात गेल्या. समीक्षा खिडकीपाशी बसली होती. पावलांवरून तिने ओळखलंच, पण मान वळवली नाही. हौसाबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि काही न लपवता सगळं सांगितलं, पुस्तकात काय होतं, त्यांनी काय केलं, का केलं.

समीक्षाने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला चित्रात दिसत होतं? कडेला?"

"व्हय."

"आणि तू मला सांगितलं पण नाहीस."

"न्हाई सांगितलं."

"मग आता मला कसं कळणार, अजून काय काय बदललंस ते?" तिचा आवाज फाटला. "टिकल्या तरी हिरव्या आहेत का?"

हौसाबाईंना आयुष्यात पुष्कळ जण पुष्कळ बोलले होते. सासू काही कमी बोलली नव्हती. पण हे असं काळजाला कधी लागलं नव्हतं. "हिरव्याच हायेत गं," एवढं त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं की आता नुसतं म्हणून चालणार नाही. शप्पथ घेतली तरी ती पुन्हा हौसाबाईंचीच.

त्या घरी आल्या आणि वनस्पतीपेशी उसवायला घेतली. भराभर टाके काढले. आपलंच शिवलेलं उसवताना त्यांना एरवी फार जिवावर यायचं, आज आलं नाही. कॅनव्हासची भिंत तशीच ठेवली, पण आता तिची ताठ, बंद पिशवी केली, एका बाजूला तोंड ठेवून. आत पटल म्हणून मऊ अस्तर. बटण कापडाला न शिवता सुटंच आत सोडलं. मग त्या फुगा, पिचकारी आणि पाण्याचा तांब्या घेऊन परत शेजारी गेल्या.

"मी काय सांगणार न्हाई," त्या समीक्षाला म्हणाल्या. "तूच कर. बटण मधी ठेव. मग ह्यो फुगा आत घाल आणि पाणी भर."

समीक्षा आधी ऐकेना. मग हात पुढे केला. बटण चाचपून तिने स्वतः मधोमध ठेवलं, नीट, दोन्ही बाजूंना बोटं मोजून. फुगा आत सारला, हौसाबाईंनी त्याचं तोंड धरलं आणि ती उजव्या हाताने पिचकारीने पाणी भरू लागली. फुगा फुगत गेला. तिचा डावा हात बटणावर होता. ते सरकलं. तिने परत मध्ये ढकललं, ते परत सरकलं. फुगा भरला तशी पिशवी टम्म ताठ झाली आणि बटण जाऊन भिंतीला चिकटलं. तिने दाबून पाहिलं, ते हलेना.

"मध्ये जागाच नाहीये," ती हळूच म्हणाली.

मग तिने थोडं पाणी सोडलं. पिशवी ढिली पडली. पुन्हा भरलं, पुन्हा ताठ झाली. असं तिने कितीदा केलं. जमीन ओली झाली, करिश्मा येऊन ओरडून गेली, तरी तिचं चालूच.

शेवटी फुगा बाजूला ठेवून ती म्हणाली, "मावशी, एक सांगू? तुला चूक वाटलं ना, तरी चित्रात जसं आहे तसं मला सांगायचं. मग तुझं मत सांग, हजार वेळा सांग. पण चूक की बरोबर ते मी ठरवणार."

"बरं," हौसाबाई म्हणाल्या. एरवी एका शब्दावर थांबणारी बाई नव्हे ती, पण त्या दिवशी थांबल्या. समीक्षानेही एवढंच बोलून दार दाखवलं. राग गेला होता असं नाही.

शनिवारी साईनाथने सगळ्यांना रिक्षातून शाळेत सोडलं. प्रयोगशाळेत टीचरनी समीक्षाला खुर्ची दिली, करिश्मा दाराशी ओठ चावत उभी राहिली, आणि हौसाबाईंनी पिशवीतून कापड काढून टेबलावर पसरलं. टीचरनी चित्राशी ताडून पाहिलं आणि मान डोलावली.

समीक्षाची बोटं कापडावर उतरली. "पटल आहे. भिंत नाही, म्हणजे प्राण्याची पेशी." बोटं पुढे गेली. "केंद्रक. हे मध्ये आहे. पण पेशी गोल नाही... इथून फांद्या फुटल्यात. इथून पण." मग तिच्या बोटाला एक जाड दोरा लागला. ती त्याच्या मागोमाग गेली. दोरा कापडाची कड ओलांडून बाहेर आला, टेबलावरून पुढे गेला आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन लोंबत राहिला. समीक्षा परत मागे आली, पुन्हा गेली. तिच्या कपाळाला आठी पडली. हौसाबाईंचा जीव टांगणीला लागला. तोंड उघडलं तर पोरीचं नुकसान, म्हणून त्यांनी पदर तोंडावर धरला होता.

"टीचर, मी मावशीला एक विचारू?"

"नाव सोडून काहीही विचार."

समीक्षाने मान हौसाबाईंच्या दिशेने वळवली. किती दिवसांनी वळवली होती. "मावशी, हा दोरा चित्रात आहे, की तुझा कापायचा राहिलाय?"

"चित्रात हाय."

"नक्की?"

"नक्की. मला लई खुपत होता. कात्री बी हातात घेतली होती. पण न्हाई कापला."

समीक्षाने दोऱ्यावर हात सपाट ठेवला आणि म्हणाली, "मग ही चेतापेशी आहे, टीचर. ह्या फांद्यांनी निरोप घेते आणि ह्या दोऱ्यातून लांबवर पोचवते. म्हणून हा एवढा लांब. कापला असता तर मी कधीच ओळखली नसती."

कल्पिता टीचरनी चित्राचा कागद घडी करून पुस्तकात ठेवला. "सोमवारपासून नेहमीसारखी तासाला बस," त्या म्हणाल्या, "विज्ञान सोडायचं नाही. आणि मावशी, पुढच्या धड्याची चित्रं मी तुमच्याकडे पाठवून देईन."

समीक्षा खुर्चीतून उठली, टेबलाच्या कडेने हात लावत आली आणि हौसाबाईंच्या खांद्याला टेकली. तिथे तिला काहीतरी हललेलं जाणवलं.

"मावशी, रडतेस काय?"

"न्हाई गं," हौसाबाई सवयीने म्हणाल्या. मग त्यांनी नाक पुसलं. "व्हय. रडतीय."

"हां," समीक्षा म्हणाली, "असंच सांगत जा."